सकाळच्या शिंका थांबत नाहीत? आधी अंथरूण, मग नाक, मग बाकीचं घर

रोज उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका, दिवसभर गळणारं नाक, रात्री चोंदलेलं नाक, टाळूला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना खाज. वर्षानुवर्षं असं चालू असलेली माणसं बहुतेक एकच उपाय करतात: त्रास झाला की गोळी. गोळीने शिंका थांबतात, पण नाकाच्या आतली सूज तशीच राहते आणि ज्यामुळे ती आली ते रोज आठ तास नाकापासून वीतभर अंतरावर, उशीत, असतं.

या लेखातली कामं मुद्दाम एका क्रमाने दिली आहेत. अनेक घरांत आधी हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र येतं आणि दहा वर्षांची कापसाची गादी तशीच राहते. हे उलटं आहे. आधी अंथरूण, मग नाकाची रोजची निगा, आणि ती दोन्ही बसल्यावर झाडलोट, ओल, झुरळं, बाहेरचे परागकण.

## आधी खात्री: ही अ‍ॅलर्जीच आहे का?

साध्या सर्दीत एक-दोन दिवस घसा दुखतो, अंग कसकसतं, कधी ताप येतो, आणि आठ-दहा दिवसांत ती ओसरते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, शेंबूड पाण्यासारखा पातळ असतो, शिंका एकामागून एक येतात आणि खाज असतेच: नाकात, टाळूला, कानात, डोळ्यांत. खाज अजिबात नसेल, तर अ‍ॅलर्जीवर शिक्का मारण्याआधी थांबा.

आठवड्यातले चार किंवा अधिक दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त काळ त्रास असेल, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन म्हणतात. अशा त्रासावर अधूनमधून घेतलेली गोळी पुरत नाही, रोजचं औषध लागतं.

पुढची लक्षणं असतील तर घरगुती प्रयोगांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. फक्त एकाच बाजूची नाकपुडी कायम बंद असणं, नाकातून रक्तमिश्रित किंवा घाण वास येणारा स्राव, चेहऱ्यात ठणका आणि ताप, वास येणं बंद होणं. छातीत शिट्टीसारखा आवाज, रात्री खोकल्याने जाग येणं, जिना चढताना छाती आवळल्यासारखी वाटणं ही दम्याची खूण असू शकते. नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा बरेचदा जोडीने येतात, आणि दम्याला नाकाची गोळी पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाचा खोकला "अ‍ॅलर्जीचा असेल" म्हणून अंगावर काढला जातो आणि त्यात घरातल्या इतरांनाही लागण होते.

शहरात वाढलेला आणखी एक प्रकार म्हणजे कबुतरं. बाल्कनीत, एसीच्या मागे घरटी असलेल्या घरात एखाद्याला कोरडा खोकला आणि हळूहळू वाढणारी धाप लागत असेल, तर ती फुप्फुसाची वेगळी सूज असू शकते. तिच्यावर शिंकांच्या गोळ्यांचा उपयोग नाही. छातीच्या डॉक्टरांना कबुतरांबद्दल आपणहून सांगा, कारण ते कळल्याशिवाय निदान लांबतं.

## दोन आठवडे वही

एक साधी वही घ्या. दिवसातून दोनदा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, चार गोष्टींना शून्य ते तीन गुण द्या: शिंका, नाक गळणं, नाक चोंदणं, डोळ्यांची खाज. शेजारी लिहा: कुठे झोपलात, झाडलोट कोणी केली, बाहेर किती वेळ होतात, पाऊस होता का.

दोन आठवड्यांत चित्र दिसू लागतं. सकाळी त्रास जास्त, घराबाहेर पडल्यावर दोन-तीन तासांत कमी, आणि बाराही महिने असेल तर संशय अंथरुणातल्या धूळकिड्यांवर. जुलै-ऑगस्टमध्ये आणि ओल आलेल्या खोलीत वाढत असेल तर बुरशी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत फुलोऱ्यावर आल्यावर, घराबाहेर वाढत असेल तर गवताचे आणि तणांचे परागकण. जानेवारी ते मार्चमध्ये असेल तर झाडांचे, उदाहरणार्थ वावळाचे. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावल्यावर झुरळं पळताना दिसत असतील, तर वर्षभराच्या त्रासात त्यांचाही वाटा धरा.

फोडणीचा खाट, उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, रंगाचा वास, फटाक्यांचा धूर यांनी शिंका येतात, पण ती सहसा अ‍ॅलर्जी नसते. सुजलेल्या नाकाला झालेला तो त्रास आहे. सूज कमी झाली की हेच वास बरेच सोसतात. तरी झोपायच्या खोलीत कॉइल आणि धूप नकोच. जाळी किंवा मच्छरदाणी लावा.

चाचणी करायची तर त्वचेवरची टोचणी चाचणी उत्तम. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि 15 ते 20 मिनिटांत गांध किती मोठी उठते ते मोजतात. त्याआधी साधारण आठवडाभर शिंकांची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर गांध उठतच नाही आणि चाचणी वाया जाते. नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवता येतो. गोळी थांबवणं शक्य नसेल तर रक्तातली विशिष्ट आयजीई (अ‍ॅलर्जीत शरीर तयार करतं ते प्रतिपिंड) तपासणी करतात. नुसत्या एकूण आयजीईच्या आकड्यावरून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते कळत नाही, आणि पोटात जंत असले तरी तो आकडा वाढतो. शंभर-दोनशे पदार्थांच्या आयजीजी "फूड पॅनेल"वर पैसे घालवू नका. आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड आहे, ते सापडलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्ला आहे, एवढंच. अशा अहवालावरून लहान मुलांचं दूध, अंडी, गहू बंद केले जातात आणि शिंका तशाच राहतात, याचं फार वाईट वाटतं.

## अंथरूण: इथे सगळ्यात जास्त मेहनत घ्या

धूळकिडा मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा, डोळ्यांना न दिसणारा. तो चावत नाही. आपल्या कातडीचा कोंडा खातो आणि पाणी पीत नाही, हवेतली दमटपणाच शोषून घेतो. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेमुळे. गादी, उशी, गोधडी यांत त्याला अन्न, ऊब आणि घामाचा ओलावा सगळं मिळतं.

फक्त गादीला खोळ घालून काम होत नाही. 2003 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या दोन चाचण्यांत नुसत्या खोळींनी रुग्णांना म्हणण्यासारखा आराम पडला नाही. म्हणून खालची कामं एकत्र करायची असतात. अर्धी केली तर पैसे आणि उत्साह दोन्ही जातात.

पहिलं काम उशी. उशी जुनी, गुठळ्या झालेली, सावरीच्या किंवा साध्या कापसाची असेल तर ती बदला. नवी घेताना मशीनमध्ये धुता येईल अशी घ्या. तिला चेन असलेली, घट्ट विणीची खोळ आणि त्यावर नेहमीचा अभ्रा. घट्ट वीण म्हणजे छिद्रं 10 मायक्रॉनपेक्षा लहान, आणि चांगल्या खोळींच्या वेष्टनावर हा आकडा छापलेला असतो. आकडा नसेल, तर तोंडाला लावून फुंकर मारून पाहा. हवा सरळ पार गेली तर वीण विरळ आहे. चेनच्या टोकाशी फट राहते तिथे कापडी चिकटपट्टी लावा.

दुसरं गादी. ती बदलणं परवडत नसेल तरी सहाही बाजू झाकणारी खोळ घालता येते. पलंगपोसासारखी फक्त वरून चढणारी खोळ उपयोगाची नाही. दुकानातून गादीबरोबर आलेलं पारदर्शक प्लास्टिक ठेवू नका, त्याने घाम येतो आणि महिन्याभरात ते फाटतं. कापसाची गादी पिंजून घ्यायची असेल तर काम घराबाहेर व्हावं आणि त्रास असलेल्या माणसाने त्या दिवशी तिथे थांबू नये.

बॉक्सच्या पलंगाबद्दल वेगळं सांगायला हवं. खाली प्लायवूडची पेटी, त्यात जुन्या दुलया, हिवाळी कपडे, पाहुण्यांची अंथरुणं, आणि वर गादी. गादीला खालून हवा लागत नाही, घामाचा दमटपणा अडकतो आणि पेटीतल्या कापडांत किडे आणि बुरशी दोन्ही वाढतात. त्रास असलेल्या माणसाच्या पलंगातली पेटी रिकामी करा, झाकणाच्या प्लायला इंचभर व्यासाची दहा-बारा भोकं पाडून घ्या आणि आठवड्यातून एकदा गादी भिंतीला टेकवून तासभर उभी ठेवा. या मानाने चटईवर सतरंजी आणि दर आठवड्याला धुता येणारी पातळ गोधडी ही आपली जुनी पद्धत खूप चांगली, फक्त फरशीला ओल नसावी.

तिसरं धुणं. चादर, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवा. मशीनला हीटर असेल तर "कॉटन 60" निवडा. नसेल तर बादलीत तीन भाग उकळतं आणि दोन भाग साधं पाणी मिसळा, कपडे बुडवा, वर झाकण ठेवा आणि अर्ध्या तासाने नेहमीसारखे धुवा. बादली लोखंडी किंवा जाड प्लास्टिकची असावी, पाणी काठीने हलवावं आणि मुलांना लांब ठेवावं. गीझरचं पाणी बादलीत पडून कपड्यांना लागेपर्यंत पुरेसं गरम राहत नाही. गार पाण्याने विष्ठा बरीचशी धुऊन जाते, पण किडे जिवंत राहतात आणि पुन्हा वाढतात. लोकरीची ब्लँकेट आणि जाड दुलई गरम पाण्यात टिकत नाही. ती वापरायचीच तर तिला सुती, धुता येणारी खोळ शिवून घ्या.

चौथं ऊन. कोरड्या दिवसांत गादी, उशा, गोधड्या गच्चीवर किंवा अंगणात 11 ते 3 या वेळात ठेवा, मध्यावर उलटवा. उष्णता आणि कोरडेपणा यांनी किडे मरतात. मेलेले किडे आणि विष्ठा आतच राहतात, म्हणून खाली आणण्यापूर्वी काठीने झोडून काढणं आवश्यक आहे. झोडण्याचं काम ज्याला त्रास नाही त्याने करावं. परागकणांचा त्रास असणाऱ्यांनी फुलोऱ्याच्या दिवसांत चादरी घरात वाळवाव्यात.

मुलांच्या उशाशी एकच मऊ खेळणं ठेवा. धुता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून 24 तास फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर बाहेर नेऊन चांगलं झटका.

दमटपणा मोजायला काही शे रुपयांचं हायग्रोमीटर मिळतं. ते उशाजवळ ठेवा, एसीच्या झोताखाली नको. 50 टक्क्यांखाली धूळकिडे तग धरत नाहीत. पुणे, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर इकडे फेब्रुवारी ते मे हवा आपसूक तेवढी कोरडी असते. त्या महिन्यांत दुपारी खिडक्या उघड्या ठेवल्या की अर्धं काम फुकटात होतं. मुंबई, कोकण, गोव्यात ही सवलत नाही. तिथे पावसाळ्यात 60च्या खाली आणणंही एसीच्या "ड्राय मोड"शिवाय किंवा हवेतला दमटपणा ओढणाऱ्या यंत्राशिवाय जमत नाही. तसं करायचं तर एकच खोली निवडा, झोपायची, आणि तिची दारं-खिडक्या बंद ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यात उलटा घोटाळा होतो. कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोलीत दमटपणा भरतो आणि त्याच्या गवती पॅडमध्ये बुरशी वाढते. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, पॅड उन्हात वाळवा, हंगामाच्या सुरुवातीला नवे बसवा आणि रात्री खिडकी थोडी उघडी ठेवा.

## नाक: धुणं, स्प्रे, गोळी

मिठाच्या पाण्याने धुणं. नेतीचं भांडं किंवा पिळायची बाटली, दोन्ही चालतात. आयोडीन नसलेलं तीन चमचे मीठ आणि एक चमचा खायचा सोडा कोरड्या बरणीत मिसळून ठेवा. त्यातलं एक लहान चमचा मिश्रण 240 मिली पाण्यात घाला. पाणी चांगलं उकळून कोमट केलेलं हवं, हे काटेकोरपणे पाळा. नळाचं, बोअरचं, विहिरीचं पाणी तसंच वापरू नये. अशा पाण्यातून नाकावाटे शिरणारा अमीबा मेंदूला जीवघेणी सूज आणतो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. फिल्टरमधून काढलेलं पाणीही उकळूनच घ्या.

बेसिनवर वाकून मान एका बाजूला करा, तोंडाने श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत पाणी सोडा, ते खालच्या नाकपुडीतून येईल. मग बाजू बदला. चुरचुरलं तर मिठाचं प्रमाण चुकलेलं किंवा पाणी गार असतं. कान गच्च होत असतील तर बाटली जोरात पिळली जाते आहे. झाल्यावर एकेक नाकपुडी हळू शिंकरा, दोन्ही एकदम दाबून शिंकरू नका. झोपण्याच्या तासभर आधी करा, म्हणजे राहिलेलं पाणी उशीवर येत नाही.

स्टेरॉइडचा स्प्रे. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड यांपैकी एक. दीर्घकालीन नाकाच्या अ‍ॅलर्जीवर हे सगळ्यात प्रभावी औषध आहे आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त भीती आहे. एका फवाऱ्यात साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळीशी त्याची तुलना होत नाही. मोठ्यांना सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा, ही नेहमीची मात्रा. आराम स्थिरावला की डॉक्टर ती एकावर आणतात. मुलांची मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि स्प्रे महिनोन् महिने चालणार असेल तर उंची दर सहा महिन्यांनी मोजा.

"स्प्रे घेतला, काही उपयोग नाही" असं म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. तीन दिवसांत सोडला, किंवा चुकीचा मारला. पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. मारायची पद्धत अशी:

1. आधी नाक शिंकरा किंवा धुवा. शेंबडावर मारलेलं औषध शेंबडाबरोबर बाहेर येतं.
2. बाटली हलवा. नवी असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत फवारे सोडा.
3. मान किंचित पुढे झुकवा. मागे टाकू नका, औषध घशात जातं.
4. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डाव्यासाठी उजव्या हातात. त्यामुळे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं.
5. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवं.
6. दाबा आणि फुलाचा वास घेतल्याइतकाच हलका श्वास घ्या. जोरात ओढलं आणि घशात कडू लागलं, तर औषध नाकात राहिलंच नाही.
7. टोक पुसून झाकण लावा. पुढची दहा-पंधरा मिनिटं शिंकरू नका.

नाकातून रक्ताचे ठिपके येत असतील तर टोक मधल्या पडद्यावर आपटतं आहे. दोन-तीन दिवस थांबा, आतून व्हॅसलिनचा पातळ हात लावा आणि हात बदलायची पद्धत पुन्हा सुरू करा. तरी येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

गोळी. खाज, शिंका, गळणं यांवर ती झटकन काम करते, चोंदलेल्या नाकावर कमी. सेटिरिझिन 10 मिग्रॅ, लेव्होसेटिरिझिन 5 मिग्रॅ, फेक्सोफेनाडिन 120 किंवा 180 मिग्रॅ, बिलास्टिन 20 मिग्रॅ या मोठ्यांच्या दिवसाच्या नेहमीच्या मात्रा. पहिल्या दोघींनी काही जणांना झोप येते, म्हणून रात्री घ्या. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबरच घ्या, संत्र्या-मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही. बिलास्टिन जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, लहान मूल असेल तर विचारल्याशिवाय नको. दुकानातल्या "सर्दीच्या गोळी"त बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. तिने गुंगी येते, गाडी चालवायची असेल तर ती धोक्याची.

लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट एकत्र असलेली गोळी आपल्याकडे चणे-फुटाण्यासारखी खाल्ली जाते. मॉन्टेलुकास्टने काही जणांत, मुलांतसुद्धा, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यासाठी तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दमाही असेल तर ती डॉक्टर विचारपूर्वक देतात. नुसत्या शिंकांसाठी स्वतःहून महिनोन् महिने घेऊ नका. आणि घरात कोणाचा स्वभाव गोळी सुरू झाल्यावर बदलला असेल तर तो बदल डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे टाळा. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. नंतर थेंबांमुळेच नाक चोंदतं, माणूस पुन्हा थेंब घालतो आणि वर्षभर त्यांतून सुटत नाही. सुटायचं तर स्टेरॉइडचा स्प्रे रोज चालू करून आधी एका नाकपुडीतले थेंब थांबवा, ती मोकळी राहू लागली की दुसरीतले. हंगामात एकदा घ्यायचं "अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन" हे बरेचदा लांब टिकणारं स्टेरॉइड असतं. ते साखर, रक्तदाब आणि हाडं यांना महागात पडतं. नाव विचारून, चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय घेऊ नका. वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, पण उकळत्या भांड्यावर मुलाला वाकवू नका, त्यातून मुलं भाजतात.

डोळे चोळल्याने खाज वाढते. थंड पाण्याची घडी ठेवा. तेवढ्याने भागत नसेल तर ओलोपाटाडिनचे थेंब डॉक्टरांना विचारून.

## झाडलोट, ओल, झुरळं

कोरडी केरसुणी फिरली की धूळ अर्धा तास हवेत राहते. क्रम असा ठेवा: आधी ओल्या फडक्याने वरून खाली, म्हणजे पंखा, कपाटाचा माथा, खिडकीच्या जाळ्या, मग फरशीवर ओला पोछा. पंख्याचं पातं जुन्या अभ्र्यात घालून ओढा, धूळ आतच पडते. त्रास असलेला माणूस हेच काम करत असेल तर नाकावर एन-95 मास्क. व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा तर हेपा फिल्टरवाला, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा. साध्या पिशवीचा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो.

हवा शुद्ध करणारं यंत्र धूर, बुरशीचे बीजाणू, मांजराची अ‍ॅलर्जी यांवर मदत करतं. धूळकिड्यांवर फारसं नाही, कारण त्यांचे कण जड असतात आणि हवेत थोडाच वेळ तरंगतात. घ्यायचंच तर हिशोब करून घ्या. 12 बाय 10 फूट खोली, 10 फूट उंची, म्हणजे 1200 घनफूट. तासाला पाच वेळा हवा फिरवायची तर 6000 घनफूट, म्हणजे सुमारे 170 घनमीटर. यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, निदान तेवढा हवा. ओझोन सोडणारं यंत्र घरात नको.

बुरशीचं मूळ पाणी आहे. भिंतीतून झिरपणारं, गच्चीतून गळणारं, किंवा घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून निघणारं. झिरप थांबवल्याशिवाय वरून रंग दिला तर पुढच्या पावसात पापुद्रे सुटून काळे डाग पुन्हा येतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपडे दोनदा पिळून काढा आणि एकाच खोलीत, खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवून वाळवा, झोपायच्या खोलीत नको. टाइल्ससारख्या कठीण पृष्ठभागावरचे लहान डाग साबणाने घासून मग चार लिटर पाण्यात एक कप घरगुती ब्लीच घालून पुसा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, आणि ब्लीच कधीही अ‍ॅसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशी लागलेली गादी, पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं वाचत नाहीत, टाकून द्या.

झुरळांना फवारा नको. तो दमेकऱ्याला बाधतो आणि झुरळं फक्त शेजारच्या फटीत जातात. जेलचे मसुराएवढे ठिपके सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी, गॅसच्या मागे लावा आणि त्या जागांवर फवारा मारू नका, नाहीतर झुरळं जेल खात नाहीत. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा लावा, कारण तोवर अंड्यांतून नवी पिल्लं बाहेर येतात. झुरळं मेल्यावर कपाटाचे कोपरे साबणाच्या पाण्याने धुवा. त्यांची विष्ठा त्यांच्यानंतरही अनेक महिने त्रास देते.

## बाहेरून येणारे कण

फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी खिडक्या बंद, दुपारनंतर उघड्या. दुचाकीवर मास्क आणि बंद काचेचं हेल्मेट. घरी आल्यावर कपडे बदला, तोंड-डोळे धुवा, आणि रात्री झोपण्याआधी डोक्यावरून आंघोळ करा, नाहीतर केसांतले परागकण उशीवर उतरतात.

गाजर गवत, काहींच्या तोंडी काँग्रेस गवत, 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याने नाक तर वाहतंच, पण शेतात काम करणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपरांच्या घड्या लाल होऊन खाजतात आणि कातडी जाड होते. अशा पुरळाला त्वचारोगतज्ज्ञ लागतो. गवत उपटायचं ते फुलण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, मुळासकट, लांब बाह्या आणि हातमोजे घालून. ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याने मुळीच हात लावू नये.

## हे सगळं करूनही राहिलं तर

तीन महिने अंथरूण आणि स्प्रे नीट सांभाळूनही त्रास राहत असेल, आणि चाचणीत नेमकं कारण सापडलं असेल, तर अ‍ॅलर्जीची लस हा पर्याय आहे. कातडीखाली इंजेक्शन किंवा जिभेखाली थेंब-गोळी, वाढत्या मात्रेने, एकूण तीन ते पाच वर्षं. वर्षभरात काहीच फरक नसेल तर डॉक्टरांशी बोलून थांबवावी. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं असतं, कारण क्वचित येणारी तीव्र प्रतिक्रिया बहुतेकदा याच वेळात येते. दमा काबूत नसेल तर लस सुरू करत नाहीत. एकाच बाटलीत वीस-पंचवीस गोष्टी मिसळून देणाऱ्याकडे जाऊ नका, प्रत्येकीची मात्रा त्यात अपुरी पडते.

## वर्षाचं वेळापत्रक

मेमध्ये गाद्या-गोधड्यांना ऊन, गच्ची आणि भिंतींच्या भेगांची दुरुस्ती, एसीची सर्व्हिसिंग. जून ते सप्टेंबर हायग्रोमीटरवर लक्ष, एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुणं. गवताच्या परागकणांचा त्रास असणाऱ्यांनी स्प्रे ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू करावा. झाडांच्या परागकणांचा असेल तर जानेवारीच्या सुरुवातीला.

सगळ्यात सांभाळायचे दिवस नवरात्र-दिवाळीच्या साफसफाईचे. पावसाळ्यात वाढलेले किडे ऑक्टोबरच्या उन्हात मरतात आणि त्यांचा भुगा, बुरशीसकट, नेमका त्याच वेळी माळ्यावरून खाली येतो. त्रास असलेल्या माणसाने त्या दिवशी घराबाहेर राहावं, स्प्रे आधीपासून चालू असावा. माळ्यावरचं सामान आधी ओल्या फडक्याने पुसून मगच उतरवावं, आणि झोपायची खोली सगळ्यात शेवटी, अंथरुणं बाहेर काढून झाल्यावर, साफ करावी.